किलिमांजारो आणि न्यूनतम देकार

बेहाल्यात राहणाऱ्या माणसाने डोंगरावर लिहावे, यात थोडा विनोद आहे. कोलकात्याचा हा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ-दहा मीटर उंचीवर आहे. डायमंड हार्बर रोडवर उभे राहून चारी दिशांना पाहिले तरी टेकडी म्हणावी असे काही दृष्टीस पडत नाही. (बेहाला या नावाचा आपल्या ‘बेहाल’शी काही संबंध नाही, हे बदली होऊन नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना मी आरंभीच सांगून टाकतो.) सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मला येथे आल्यावर मासळीचा वास, दमट हवा, भाषा या साऱ्यांची सवय झाली, पण चढ नाही, ही उणीव काही केल्या जाईना. २०२३च्या जानेवारीत जोका ते तारातला मेट्रो सुरू झाली आणि बेहाला चौरस्त्याला एक उंच स्थानक मिळाले. संध्याकाळी त्याचे जिने दहा-दहा वेळा चढून उतरणे हा माझा सराव ठरला. तेथील पहारेकऱ्याने मला दोनदा हटकले. किलिमांजारोला जायचे आहे म्हणून जिने चढतो आहे, या उत्तरावर त्याचा विश्वास बसला असेल, असे मला वाटत नाही.

शेजाऱ्यांचा मात्र लगेच बसला. बंगाली माणसाला आफ्रिकेतील पर्वत परका नाही. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘चाँदेर पाहाड’ ही कादंबरी १९३७ साली पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून खेड्यातून थेट आफ्रिकेत गेलेला तिचा नायक शंकर येथील प्रत्येक घरात वाढलेला आहे. गंमत अशी, की बिभूतिभूषण स्वतः आफ्रिकेला कधी गेले नव्हते. माझा बेत कळताच गल्लीतील वयस्कर मंडळी मला ‘शंकरबाबू’ म्हणू लागली आणि चार शेजारी बरोबर यायला तयारही झाले. पुण्याचा माझा एक वर्गमित्र धरून आम्ही सहा जण झालो. २०२४च्या फेब्रुवारीत जायचे ठरले. सरकारी नोकराला खासगी परदेशप्रवासासाठी जी परवानगी लागते, तिच्या चढणीविषयी मी येथे काही लिहीत नाही. वाचकांपैकी अनेकांनी ती स्वतः चढलेली असेल.

किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर. दोर, बर्फातील कुऱ्हाड, कड्यावरील चढाई यांची नेहमीच्या वाटांवर गरज पडत नाही. चालत जाता येते. अडचण विरळ हवेची आणि थंडीची. टांझानियाने १९७३ साली येथे राष्ट्रीय उद्यान केले, १९८७ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले. परवानाधारक वाटाड्याशिवाय या पर्वतावर कोणालाही चढता येत नाही, त्यामुळे एखाद्या संस्थेमार्फतच जावे लागते. या संस्था शेकडो आहेत, आणि आमची गोष्ट तेथूनच सुरू होते.

सहा जणांत सरकारी अनुभवाचा मी एकटाच, म्हणून दर मागवण्याचे काम माझ्याकडे आले. माचामे वाटेने सात दिवस, सहा मुक्काम, हे कलम निश्चित केले आणि पाच संस्थांकडून दर मागवले. तुलनात्मक तक्ता केला. असे तक्ते करण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. दरडोई १,४५० डॉलरपासून २,३०० डॉलरपर्यंत देकार आले. वस्तू तीच, पर्वत तोच, दिवस तेवढेच; मग न्यूनतम देकार स्वीकारावा, अशी शिफारस मी केली. कार्यालयीन भाषेत ज्याला आपण ‘एल-वन’ म्हणतो, तो. शेजाऱ्यांनी एकमताने मान्यता दिली आणि सरकारी माणूस बरोबर असल्याचा फायदा होतो, असेही कोणी म्हणाले. मला ते आवडले, हे कबूल करायला हवे.

माचामेचा दरवाजा सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपले कळसूबाई (१,६४६ मीटर) जेथे संपते, त्याच्याही वर ही चढाई सुरू होते. दरवाज्यापाशी तासभर थांबावे लागले आणि तो तास मला फार आवडला. प्रत्येक प्रवाशाची नोंदवहीत नोंद. बाजूला छपराखाली वजनकाटा आणि त्यापुढे हमालांची रांग. एका हमालाच्या पाठीवर वीस किलोहून अधिक वजन असता कामा नये, असा नियम आहे. पिशवी काट्याला लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. खाली उतरताना कचराही मोजून द्यावा लागतो. आमच्या सहा जणांसाठी एक मुख्य वाटाड्या, दोन साहाय्यक, एक स्वयंपाकी आणि एकोणीस हमाल, अशी तेवीस माणसे होती. आपल्याकडे गडांवर शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, ती आठवून मी वर्गमित्राला म्हणालो, की हे राज्य आपल्यापेक्षा गरीब असेल, पण प्रशासन येथे शिकण्यासारखे आहे. ते मत मी आजही पुरते सोडलेले नाही.

पुढचे तीन दिवस जे प्रत्येक जण सांगतो तेच. पहिल्या दिवशी ओले जंगल, दुसऱ्या दिवशी झुडपे, तिसऱ्या दिवशी नुसते दगड. वाटाडे ‘पोले पोले’ म्हणजे ‘सावकाश, सावकाश’ असे सतत सांगत होते, आणि आपण सावकाश चालत असताना हमाल डोक्यावर तंबू, खुर्च्या, भांडी घेऊन झपाझप पुढे निघून जात होते. आपण पोचावे तो तंबू उभा असतो, चहा तयार असतो. संध्याकाळी बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजतात आणि वहीत लिहितात. माझा आकडा शेजाऱ्यांपेक्षा बरा होता. त्याचे श्रेय मी मेट्रोच्या जिन्याला दिले.

तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरजवळ, सुमारे ४,६०० मीटरवर, गारा पडल्या. खाली बारांको मुक्कामी उतरलो तेव्हा सर्व जण भिजलेले होते. अंगात कपडे कोरडे करण्याची हौस नव्हती, म्हणून मी तंबूच्या दाराशी बसून माणसे मोजू लागलो. ही सवय दौऱ्यांतून लागलेली. हजेरीपट तपासणाऱ्याचा हात आपोआप मोजतो. हमाल सोळाच भरले. पुन्हा मोजले, तरी सोळाच.

चौथ्या दिवशी कारांगाच्या दरीत कारण थोडे कळले. या वाटेवर पाण्याचा शेवटचा झरा तेथे आहे. त्यापुढचा बाराफू मुक्काम, जेथून मध्यरात्री शिखराकडे निघायचे, तो सुमारे ४,६०० मीटरवर आणि पूर्ण कोरडा. तेथे आम्ही जो चहा, जे सूप घेणार, त्याचे पाणी कारांगाहून माणसाच्या पाठीवर जाते. पाचव्या दिवशी सकाळी एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा माझी पिशवी पाठीवर घेऊन, डोक्यावर पाण्याचा डबा ठेवून निघाला. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता आणि तो त्याने तंबूच्या दोरीने बांधला होता. माझ्या पिशवीत दोन जादा जाकिटे आणि तीन पुस्तके होती. त्यांपैकी एकही मी उघडले नव्हते.

त्या दिवशी दुपारी मी मुख्य वाटाड्याला बाजूला घेऊन विचारले, की आणखी तीन हमाल कुठे आहेत. तो चाळिशीचा, अत्यंत सभ्य गृहस्थ होता. तो म्हणाला, की शिधा संपत आला की ओझे कमी होते, म्हणून काहींना दुसऱ्या दिवशी खाली पाठवतात. मी म्हणालो, शिधा कमी झाला असेल, पण पाणी वाढले आहे. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्ही कोणत्या दराने आला आहात, हे मला माहीत आहे. त्या दरात सोळाच बसतात.”

त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. तो मला हिशेब सांगत होता.

त्या रात्री शिखरावर गेलो. सहापैकी पाच जण पोचलो. एका शेजाऱ्याला चक्कर येऊ लागली म्हणून साहाय्यक वाटाड्याने त्याला वेळीच खाली नेले, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. स्टेला पॉइंटपाशी उजाडले. शिखराचे नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९च्या ऑक्टोबरात येथे पोचले तेव्हा मायरने त्याला जर्मन सम्राटाचे नाव दिले होते. १९६१ साली देश स्वतंत्र झाला आणि नाव बदलले. मायरच्या मोहिमेतील वाटाड्या म्हणून योहानी किन्याला लाउवो या स्थानिक चग्गा माणसाचे नाव टांझानियात आदराने घेतले जाते. त्या मोहिमेचे सामान ज्यांनी वाहिले, त्यांची नावे सर्वसामान्य वाचकाला कोठे भेटत नाहीत. मी छायाचित्र काढून घेतले, सूर्योदय पाहिला. पण खरे सांगायचे तर माझ्या डोक्यात बेरजा चालू होत्या.

त्या बेरजा येथे मांडतो. मी गेलो तेव्हा उद्यानाचे शुल्क प्रौढ परदेशी प्रवाशाला दिवसाला ७० डॉलर, मुक्कामाचे शुल्क रात्रीला ५० डॉलर आणि बचावकार्याचे एकदाच २० डॉलर होते. सात दिवस, सहा रात्री मिळून ८१० डॉलर. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे सुमारे ९५५. हे पैसे संस्थेला सरकारकडे भरावेच लागतात, त्यात कोणालाही सूट नाही. माझ्या १,४५० मधून ते वजा केले की उरतात ४९५. हमालाचा किमान दिवसदर वीस हजार शिलिंग मानला जात होता, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने जवळपास आठ डॉलर. एकोणीस हमाल, सात दिवस, भागिले सहा: दरडोई पावणेदोनशे डॉलर केवळ हमालांच्या मजुरीचे. उरलेल्या सव्वातीनशेत तीन वाटाडे, एक स्वयंपाकी, एकोणतीस माणसांचा सात दिवसांचा शिधा, गॅस, तंबूंची झीज, मोशीहून गाडी, दोन रात्रींचे हॉटेल, कार्यालयाचा खर्च आणि नफा. बसत नाही. जेथे कपात शक्य नाही ती कलमे बाजूला ठेवली, की कपात कोठे झाली हे सांगायला लेखापरीक्षक लागत नाही. यातील प्रत्येक आकडा उघड आहे आणि हा हिशेब मी बेहाल्यात बसून करू शकलो असतो. केला नाही, कारण तुलनात्मक तक्त्यात तो रकाना नसतो.

वजनकाटा खोटा नव्हता. त्याने आपले काम चोख केले. दरवाज्यावर त्या दिवशी प्रत्येक पिशवी वीस किलोच्या आतच होती. परंतु तिसऱ्या दिवशी परत गेलेले तीन हमाल आणि पाचव्या दिवशीचा पाण्याचा डबा, हे त्या काट्याला दिसणे शक्य नव्हते. मला माझ्या पंचवीस वर्षांतील कितीतरी तपासण्या आठवल्या. कामाच्या पहिल्या दिवशी सर्व कागद बरोबर असतात.

आपल्या देशात साहेबाचे सामान हा प्रश्न जुना आहे. ‘वेठीस धरणे’ हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो, त्यामागे खरी वेठ होती. अधिकाऱ्याचा दौरा निघाला की गावाने माणसे द्यायची आणि त्यांनी ओझी वाहायची. कुमाऊँमध्ये याला ‘कुली-बेगार’ म्हणत आणि गावोगावी तिच्या नोंदवह्या ठेवलेल्या असत. १९२१च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या वह्या शरयू नदीत फेकून दिल्या आणि ती प्रथा मोडली. प्रशासनाच्या इतिहासात या घटनेला जितके स्थान मिळायला हवे तितके मिळालेले नाही. आता बेगार नाही, सर्व काही कराराने होते, मजुरी ठरलेली असते. तरीही साहेबाचे ओझे सरकत सरकत ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच पाठीवर जाते, आणि या वेळी साहेब मी होतो.

उतरल्यावर म्वेकाच्या दरवाज्यापाशी बक्षिसी देण्याची पद्धत आहे. साधारणपणे सर्व रक्कम एका पाकिटात मुख्य वाटाड्याकडे देतात. आम्ही ती स्थानिक चलनात घेऊन, सगळ्यांसमोर आकडे वाचून, एकेकाच्या हातात दिली. वाटाड्याला ते फारसे रुचले नाही. सोळा जणांना मिळाली. परत पाठवलेल्या तिघांना काय मिळाले, हे मला आजही माहीत नाही.

येथेच हा विषय संपला असता; परंतु बेहाल्यात परतल्यावर आमच्या वसाहतीच्या फाटकावरील रखवालदाराने प्रवासाची विचारपूस केली. पन्नाशीचा माणूस, बजबजकडून लोकलने माझेरहाटला उतरून रोज येतो. मी त्याला पाण्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “स्यार, आमचेही तसेच आहे.” मग हलक्या आवाजात त्याने सांगितले, की पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातील काही रक्कम पर्यवेक्षकाला रोख परत द्यावी लागते. किती, ते त्याने सांगितले नाही. मीही आग्रह धरला नाही. त्या कंत्राटाच्या तुलनात्मक तक्त्यावर समितीच्या तीन सह्या आहेत. त्यांपैकी एक माझी.

मनुष्यबळाच्या निविदा ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे नवे नाही. मजुरी कायद्याने ठरलेली, भविष्यनिर्वाह निधी ठरलेला. स्पर्धा उरते ती फक्त संस्थेच्या सेवाशुल्काची. एके काळी ठेकेदार ते शून्य लिहीत. शून्य नफ्यात कोणी धंदा करत नाही हे उघड असल्याने २०१४च्या जानेवारीत वित्त मंत्रालयाने परिपत्रक काढले, की शून्य देकार अपात्र समजावा. त्यानंतर निविदांत एक पैसा येऊ लागला. पुढे किमान सेवाशुल्काची मर्यादा आली. मग सर्वांचे आकडे एकसारखे येऊ लागले. एका पैशात जो ठेकेदार शंभर माणसे वर्षभर पुरवतो, तो आपला नफा कोठून काढणार, हा प्रश्न त्या तक्त्यावर सही करताना आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात येऊन गेलेला असतो.

न्यूनतम देकाराची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. हा नियम अधिकाऱ्याच्या मर्जीला वेसण घालण्यासाठी आला. ‘गुणवत्ता’ हा शब्द एकदा आत घेतला की त्याच्या आडून आपल्या माणसाला काम देता येते, हे मी पाहिलेले आहे. न्यूनतम देकार स्वीकारणाऱ्याला कोणी चौकशीला बोलावत नाही आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही रात्री झोप हवी असते. सिमेंट, कागद, संगणक यांच्या खरेदीत हा नियम राहावा. पण जेथे खर्चाचा मुख्य भाग माणसाचे श्रमच आहेत, तेथे दराची स्पर्धा ही अखेरीस त्या माणसाच्या पोटाशी स्पर्धा असते. २०२१च्या ऑक्टोबरात वित्त मंत्रालयानेच काही सेवांसाठी, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने, दराबरोबर गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली आहे. म्हणजे दार उघडे आहे; आम्ही त्यातून सहसा जात नाही, इतकेच.

बेहाल्यातच, माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, बडिशा येथे सावर्ण रायचौधुरी घराण्याची आटचाला आहे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी तेथे सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला तेराशे रुपयांत देण्याचा दस्त झाला, असे सांगतात. त्या जुन्या खांबांजवळून जाताना मला हल्ली हसू येते. स्वस्त सौदा कोणाला महाग पडला, हे कळायला लोकांना पुढे बराच काळ लागला.

रखवालदारांचे कंत्राट आता नूतनीकरणासाठी आले आहे. मी टिप्पणीत तीन सूचना लिहिल्या. वेतनाची रक्कम देकारातून वगळावी आणि स्पर्धा पर्यवेक्षण, गणवेश, बदली माणसांची सोय यांवर व्हावी. देयक मंजूर करण्यापूर्वी केवळ बँकेची पावती न पाहता, दर तिमाहीला चार-पाच कामगारांशी ठेकेदाराच्या गैरहजेरीत बोलून त्याची नोंद ठेवावी. आणि बाहेर पडणाऱ्या कामगाराची अखेरची भेट अनिवार्य करावी, कारण ज्याला उद्या कामावर यायचे नाही तोच खरे सांगतो. दुसऱ्या सूचनेवर वित्त शाखेने शेरा मारला, की अशा संभाषणाची तरतूद कोणत्या नियमात आहे ते नमूद करावे. मी उत्तर दिले, की मनाई कोणत्या नियमात आहे ते कळवावे. धारिका अद्याप तेथेच आहे. रखवालदार रोज सकाळी सलाम करतो, आणि तिच्याविषयी तो काही विचारत नाही.